शवागाराच्या दारात १७ तास

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "करोनात पेपरवाल्यांनी लोकांना नुसतं घाबरवलं." तेव्हा मी विषय बदलला, पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या कोल्हापुरातलं मला ठाऊक नाही, इथलं सांगतो. एप्रिल २०२१मध्ये अहमदाबादच्या १,२०० खाटांच्या सरकारी कोविड हॉस्पिटलात, शवागारापाशी 'संदेश' या गुजराती पेपरचे दोन बातमीदार १७ तास ठाण मांडून होते. बाहेर पडायचं दार एकच. त्यांनी निघालेले मृतदेह मोजले, ६४. दुसऱ्या दिवशी सरकारी आकडा आला तो अख्ख्या शहराचा, २०! ना कुठला गुप्त कागद, ना आतला खबऱ्या. उभं राहून मोजलं, बस्स. एरवी मी हा पेपर राशिभविष्यासाठी उघडतो रे!

मे महिन्यात 'दिव्य भास्कर' या दुसऱ्या गुजराती पेपरने मृत्यूचे दाखले मोजले. १ मार्च ते १० मे या काळात राज्यात १ लाख २३ हजार निघाले होते. आदल्या वर्षी याच दिवसांत ५८ हजार. करोनाचे म्हणून सरकारने धरलेले मृत्यू ४,२१८. सरकारचं म्हणणं, लोक एकाच मृत्यूचे चार-चार दाखले काढतात. काढतात ना, पण आदल्या वर्षीही काढतच होते की!

आमचा नानादादा तुला आठवतोच. रिपोर्ट पॉझिटिव्ह, आठ दिवस ऑक्सिजनवर, आणि हॉस्पिटलच्या कागदावर 'हृदयविकार'. मधुमेह होता, बीपी होतं, मग करोना कशाला लिहा? असा आकडा आटतो.

गुजरातचा अधिकृत आकडा दहा हजारांच्या आसपास अडकला होता. मग सुप्रीम कोर्टामुळे करोनात गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार रुपयांची मदत आली. पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत गेलेला माणूस करोनाचाच धरायचा, असं ठरलं. जानेवारी २०२२पर्यंत याच सरकारने ५८ हजारांवर कुटुंबांना पैसे दिले. आता सांग, घाबरवलं कुणी आणि लपवलं कुणी?

वहिनींचा अर्ज मीच भरला. दादाचा रिपोर्ट काही केल्या सापडेना. शेवटी पंचांगात मिळाला, चैत्राच्या पानात, चार घड्या घातलेला. वहिनींनी तो उलगडून मांडीवर सपाट केला आणि म्हणाल्या, "झेरॉक्स दोन काढा भाऊजी, एक मला ठेवते."

काकूंना नमस्कार.

तुझा,
अरू