पाटी ट्रकांसाठी, अडली सायकल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा भाचा खानापूर तालुक्यातून येऊन आमच्याकडे शहापुरात राहतो आणि सायकलने उद्यमबागेत कामाला जातो. मोबाइलमधलं अॅप त्याला जवळची गल्ली सोडून रोज खानापूर रोडवर, ट्रकांच्या मधून न्यायचं. हे अॅप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा खातं उघडून कुणालाही दुरुस्त करता येतो. आम्ही पाहिलं, तर त्या गल्लीला ‘अॅक्सेस=नो’ असा टॅग, म्हणजे नकाशात रस्त्याला जोडलेली नोंद, होता. त्याचा अर्थ सगळ्यांनाच बंदी. गल्लीच्या तोंडाशी फलक आहे खरा, पण त्याखालच्या पट्टीवर कानडीत लिहिलंय की बंदी जड मालवाहनांना आहे. टॅग भरणाऱ्याने वरचं गोल चिन्ह पाहिलं, खालची पट्टी वाचली नाही. तिथे ‘एचजीव्ही=नो’, म्हणजे फक्त जड मालवाहनांना बंदी, एवढंच पुरे होतं. आम्ही ते बदललं. काही दिवसांनी अॅपनेही गल्लीतून वाट दाखवली.

पट्टी न वाचता भरलेला एक शब्द सायकलवाल्याला ट्रकांच्या तोंडी देतो, म्हणून हे लिहितो आहे. बेळगावात कानडी आणि मराठी दोन्ही वाचणारी तरुण मुलं घरोघरी आहेत. आपल्या गल्लीतला फलक त्यांच्याइतका नीट कोण वाचणार? गूगलच्या नकाशावरून पाहून भरणं चालत नाही, परवाना आड येतो. स्वतः जाऊन पाहावं, फोटो काढावा, मग भरावं.

एकेरी मार्गाचं मात्र जपून. तिथे सायकलला उलटं येण्याची मुभा असेल, तर ‘वनवे:बायसिकल=नो’ असा वेगळा टॅग लागतो. ती मुभा फलकावर लिहिलेली असेल तरच तो टाकावा. ‘सगळेच सायकलवाले तिकडून उलटे येतात’ हे कारण होत नाही. सायकलवाल्यांना मुभा मिळावी असं मलाही मनापासून वाटतं, पण ती महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे मागायची. नकाशात आधीच भरून टाकली, तर त्यावर विसंबून निघालेलं पोर समोरच्या गाडीखाली जाईल.

आपल्यालाही एक विनंती आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला, गणेश विसर्जनाला रस्ते बंद होतात, तेव्हा ‘अमुक रस्ता वाहतुकीस बंद’ एवढंच छापून येतं. ते वाचून कुणी नकाशात कायमची बंदी टाकली, तर मिरवणूक संपून महिना झाला तरी अॅप लोकांना वळसा घालायला लावतं. बंदी कोणत्या वाहनांना, किती वाजल्यापासून कितीपर्यंत, आणि सायकल हातात धरून नेता येईल का, एवढ्या तीन गोष्टी पोलिसांकडून विचारून बातमीत द्याव्यात.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव