गुरुजींच्या तळ्यातला गाळ काढायचाय

सर्व माजी विद्यार्थी, ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या माघात आपले गुरुजी गेले. दहाव्यालाच दोन सूचना आल्या. वेशीत त्यांच्या नावाची कमान उभारावी किंवा शाळेसमोर अर्धपुतळा बसवावा. सूचना देणाऱ्यांचं प्रेम खरं आहे. पण कमानीखाली उभं राहून गुरुजींनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, "सिमेंट किती पोती लागलं? तेवढ्यात किती पाणी अडलं असतं?" म्हणून बैठकीत ठरलं, त्यांच्या नावानं पाझर तलावातला गाळ काढायचा.

नव्या पिढीला हा तलाव म्हणजे उन्हाळ्यात क्रिकेट खेळायची जागा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आजोबांनी खडी फोडून, पाट्या वाहून तो बांधला. लहानग्यांना कामावर सुकडी मिळायची. गुरुजी तेव्हा नोकरीला नवे होते. शाळा सुटली की ते कामावर जात आणि मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीवही, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. अंगठा उठवणाऱ्याच्या नावापुढं खोटा खाडा पडू नये, एवढ्यासाठी. अनेकांशी त्यांचं वाकडं आलं ते तेव्हापासून.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्या माण तालुक्यात पाचशेची मारामार, हे ते भूगोलात शिकवत आणि घरी जाऊन स्वतःच्या चार एकरांत भोगत. बाजरी, मटकी, शाळू. मधे डाळिंब लावलं, ते तेल्या रोगानं गेलं. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, तेव्हा त्यांनी आपली विहीर वस्तीला मोकळी करून दिली आणि उरलीसुरली बाग वाळू दिली. गुरुजी रागीट होते, छडी सढळ होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मेंढरांमागं निघालेल्या घरांतली पोरं त्यांच्याच सोप्यात झोपायची. भाकऱ्या गुरुजींच्या घरच्या आक्का थापायच्या, हे मात्र आपण बोलताना नेहमी विसरतो.

त्यांची गणितं तुम्हाला आठवत असतील. दरवर्षी वार्षिक परीक्षेआधी सातवीचा वर्ग दोरी आणि काठी घेऊन तळ्यावर. बांधाचा छेद म्हणजे समलंब चौकोन, क्षेत्रफळ काढ. काठी खुपसून गाळ मोज, वहीत लिही. त्या वह्या आक्कांनी समितीकडं दिल्यात. वर्षागणिक गाळ कसा चढत गेला, ते तुमच्याच बालपणीच्या अक्षरात त्यात आहे.

आता त्यांच्याच पद्धतीनं हिशोब. साधारण एक हेक्टरात सरासरी एक मीटर गाळ, म्हणजे १०,००० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर. एकूण एक कोटी लिटरची जागा गाळानं खाल्ली आहे. शिवाय तळाशी गाळ बसल्यानं पाणी मुरत नाही, उन्हानं उडून जातं आणि खालच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात.

पोकलेन तासाला ७० घनमीटर काढेल असं मशीनवाले सांगतात. भाडं आणि डिझेल धरून तासाला २,७०० रुपये. म्हणजे साधारण १५० तास, त्यांचे ४,०५,००० रुपये. आजवर १,४०,००० जमले, त्यात पहिले ५,००० आक्कांनी निवृत्तिवेतनातून दिले. अजून २,६५,००० रुपये हवेत. कुणी एक तास घ्यावा, कुणी पाच जणांनी मिळून एक घ्यावा. शंभर रुपयांचीही पावती मिळेल.

गाळ शेतकऱ्यांना फुकट, वाहतूक ज्याची त्यानं करायची. हलक्या रानाला हे सोनं आहे, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांनी नावं आताच नोंदवावीत. मागच्या वेळी नुसती तोंडी हो म्हणणारे बरेच निघाले. फक्त गाळ निघेल, मुरमाला हात लागणार नाही, बांधाच्या पायथ्याशी खोदाई होणार नाही. एक ट्रॉलीही विकली जाणार नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जलसंधारण खात्याची परवानगी घेतली आहे.

काम अक्षय्य तृतीयेला सुरू होईल, म्हणजे पावसाळ्याच्या आत उरकेल. खाते क्रमांक शाळेच्या फलकावर आणि पावतीपुस्तकावर आहे. रोख रक्कम पावतीशिवाय कुणाकडंही देऊ नये. जमा-खर्च दर रविवारी मंदिराच्या पारावर मोठ्यानं वाचला जाईल.

पहिल्या दिवशी सकाळी सातला तळ्यावर या. चहा समितीचा, भाकरी आपापली. ट्रॅक्टर खालच्या वस्तीच्या रस्त्यानं आणा, वरच्या ओढ्यात चाक रुततं.

आपले,
माजी विद्यार्थी व ग्रामस्थ, तलाव समिती