ताई, तुमच्या एका पायाच्या विजारीबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "गप गं, चिंधीचं कसलं कौतुक" म्हणता आणि पुढच्या क्षणी आमटीत मीठ बरोबर आहे का ते विचारता. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आमटीवर विषय संपला. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मी मूळची सांगलीची, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. नोकरीमुळे फ्लोरिडात आले, ऑरलँडोच्या दक्षिणेला, जिथे दर दोन वळणांवर एक तळं लागतं. बाजूला विंटर हेवन. तिथल्या सायप्रस गार्डन्स या बागेत बोटीमागे स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब फळ्यांवर, उभं राहून माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढत आणि तीन-चार थरांचा मनोरा करत. तिथे आता लेगोलँड हे मनोरंजन उद्यान आहे. पाण्यावरची दहीहंडीच ती, फक्त हंडी नाही. अशा गावात राहून चाळिशीत मला वॉटरस्कीचं वेड लागलं, यात माझा दोष थोडाच आहे.

दोन स्कीवरून एका स्कीवर आले आणि भोग सुरू झाले. एका स्कीवर, म्हणजे स्लालममध्ये, दोन्ही पाय एकामागे एक बांधलेले असतात. माझा डावा पुढे, उजवा मागे. बोट सरळ जाते आणि आपण दोराला धरून एकदा या बाजूच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्याला, एकदा त्या बाजूच्या बोयाला वळसा घालायचा. सहा बोये, सगळा मार्ग २५९ मीटरचा, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाहेर. ताशी ४९ किलोमीटरने बोट गेली तर एकोणीस सेकंदांत खेळ खलास. आणि बोटीच्या लाटा कापून या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना आपला वेग बोटीपेक्षाही जास्त असतो.

या एकोणीस सेकंदांनी माझा उजवा पाय सोलून काढला. नडगीपासून मांडीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत लालबुंद चट्टे, त्यात बारीक बारीक ठिपके. गरम पाणी अंगावर घेतलं की जीव जायचा. सोमवारी ऑफिसात जीन्स घालवत नसे. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: सवय होईल. कुणी बर्फ लाव म्हणालं, कुणी कोरफड, कुणी व्यायामाआधी पाय ताणायला सांगितले. मी तीन आठवडे इमानेइतबारे पाय ताणले. डॉक्टरांना दाखवलं, आत काही नाही म्हणाले. शिकवणारा माणूस पंचवीस वर्षं स्कीवर आहे. त्याच्या पायाची कातडी आता म्हशीची झाली असावी, कारण त्याला माझं दुखणं म्हणजे नेमकं काय तेच कळत नव्हतं.

आणि मग तुम्ही आलात. तेही योगायोगानं. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे स्की करणाऱ्यावर नजर ठेवायला बोटीत चालवणाऱ्याखेरीज आणखी एक माणूस लागतो, नाहीतर रुंद आरसा तरी. आमचा नेहमीचा माणूस त्या रविवारी आजारी होता. मी तुम्हाला सहज विचारलं, मागे तोंड करून बोटीत बसाल का, मी पडले तर हात वर करून सांगायचं, बाकी काही नाही. तुम्ही डबा भरून शंकरपाळे घेऊन आलात, लाइफ जॅकेट पदरावरून घातलंत आणि बसलात.

किनाऱ्यावर आल्यावर मी पायाला टॉवेल गुंडाळत होते. तुम्ही बोटानं मांडी दाबलीत आणि विचारलंत, "वरून दुखतंय का आतून?"

ताई, दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. वरून दुखत होतं, कातडीला. आतला मांडीचा स्नायू भरून आलेला होता, पण तो नुसता थकवा, दुसऱ्या दिवशी जाणारा. मी दोन दुखणी एकाच पोत्यात भरून त्यावर ताणण्याचा व्यायाम करत बसले होते. कातडी ताणून बरी होते का कधी?

"पाणी मारतंय तुला," तुम्ही म्हणालात. "बागेला मारतात ना पाइपानं, तसं." मग हात करून दाखवलंत: "सरळ उभी असतेस तेव्हा पाणी पुढच्या पायाच्या पुढंच फाटतंय आणि बाजूला जातंय. पण वळलीस की तू पाटावर बसल्यासारखी बसतेस. मग फळीचं तोंड वर होतंय आणि पाणी दोन पायांच्या मधनं उसळतंय. मागचा पाय तिथंच की गं."

शिकवणारा माणूस हेच सांगत होता, "कंबर वर, वजन पुढे" म्हणून. पण तो ते चांगलं वळण घेण्यासाठी सांगायचा. त्याचा माझ्या चट्ट्यांशी संबंध आहे हे त्यानं सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे हे इथे लिहायला लाज वाटते. घरी येऊन कागदावर मांडलं. ताशी ४९ किलोमीटरने येणारं पाणी कातडीवर आपटतं तेव्हा विहिरीत तीस फूट खाली जेवढा पाण्याचा दाब असतो जवळपास तेवढा दाब देतं. फरक एवढाच की विहिरीतला दाब सगळीकडून सारखा असतो आणि हा एकाच हातभर जागेवर चाबकासारखा बसतो. शिवाय दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. त्या महिन्यात मी ४३ वरून ४९ वर गेले होते. वेग वाढला १४ टक्के, मारा वाढला ३० टक्के. चट्टे त्याच महिन्यात सुरू झाले होते.

पण बसण्याची सवय एका दिवसात जात नाही. तोवर पाय वाचवायचा कसा, हा प्रश्न होताच. पूर्ण वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगभर रबरी पोशाख, घाल म्हणणारे होते. त्यांनी जुलैतलं इथलं तळं पाहिलेलं नसावं. पाणी आंघोळीच्या बादलीसारखं कोमट, हवा त्याहून गरम. निओप्रीनची, म्हणजे त्याच वेटसूटच्या रबराची, आखूड चड्डी मी घालतेच, ती घालायलाच हवी. वेगात पाय फाकून पडलं तर पाणी जोरात आत शिरून वाईट इजा होते. बायांनो, यात संकोच करू नका. पण ती चड्डी मांडीच्या अर्ध्यावर संपते आणि मार तिथूनच सुरू होतो.

तुम्ही विचारलंत, जुना वेटसूट आहे का फाटका. होता. आमच्या गॅरेजमध्ये तीन मिलिमीटरचा एक काळा सूट वर्षभर पडून होता, पाठीवर चीर गेलेला. तुम्ही तो घेऊन गेलात आणि जाताना माझ्या मांडीचं, गुडघ्याचं, पोटरीचं माप टेपनं घेतलंत, भर पार्किंगमध्ये.

ज्यांनी गणपतीत ढोलपथकाच्या पोरींच्या नऊवारी पाहिल्या आहेत त्यांना तुमचा हात माहीत आहे. इचलकरंजीची बाई, कापड चिमटीत धरून त्याचा ताण सांगणार. पण निओप्रीन हे कापड नव्हे, रबराचा फुगवलेला पाव आहे, ते तुमच्या मशिनलाही चिकटलं. पहिल्या दिवशी टाके सुटत होते. मग तुम्ही ताणणाऱ्या कापडाची, गोल टोकाची सुई आणलीत, धागा पॉलिस्टरचा, टाका सरळ न घालता नागमोडी घातलात म्हणजे ताणल्यावर तुटणार नाही, आणि मशिनच्या पायाखाली पातळ कागद धरून शिवून नंतर तो फाडून टाकलात. हे मला नंतर काकांनी सांगितलं. तुम्ही फक्त "झालं बघ" म्हणालात.

खरं सांगू का, त्या सुटातून उजव्या पायापुरती शिवलेली पहिली नळी फसली. फसली हे तुम्हीच मान्य केलंत, म्हणून लिहिते. वरून पाणी शिरलं, नळी फुग्यासारखी भरली, दुसऱ्या बोयाला घोट्यापर्यंत खाली आली, आणि मी पडले. तुम्ही बोटीतून हात वर केलात आणि हसत होतात. तुमच्या हसण्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येत होता.

दुसऱ्या वेळी तुम्ही नळी वेगळी ठेवलीच नाही. माझ्या आखूड चड्डीचा उजवा पाय उसवून तिथेच ती जोडलीत, म्हणजे वर तोंडच उरलं नाही. माप अंगापेक्षा जरा कमी धरलंत. शिवण बाहेरच्या बाजूला घेतलीत, आत टोचू नये म्हणून. गुडघ्याच्या मागे घडीनं घासत होतं, तिथे पातळ कापडाचा तुकडा लावलात. तो तुकडा पोहण्याच्या जुन्या कपड्याचा होता आणि जांभळा होता. त्यामुळे आता माझ्याकडे एक पाय लांब, एक पाय आखूड, गुडघ्यामागे जांभळी खिडकी अशी विजार आहे. धक्क्यावर सगळे हसतात. दोघांनी हळूच येऊन विचारलंय, अशी कुठे मिळते.

तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी नडगीवर थोडी लाली होती, मांडीवर काही नाही. गेल्या रविवारी घरी येऊन गरम पाण्यानं आंघोळ केली आणि अर्धी झाल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. आणि पाटावर बसणंही कमी झालंय. मार बसत नाही म्हणून पाय आखडत नाही, आखडत नाही म्हणून मी मागे बसत नाही. माझी समजूत अशी आहे की मी मागे बसत होते त्यातलं निम्मं त्या माराच्या भीतीनंच. शिकवणाऱ्या माणसाला वाटतं त्याची शिकवण लागू पडली. वाटू दे बिचाऱ्याला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. साडी घेणार नाही हेही माहीत आहे. म्हणून सुयांची दोन पाकिटं आणि चांगला धागा आणलाय, तो घ्यावाच लागेल, कारण ते दोघे जण खरोखर मापं द्यायला येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, मापं पार्किंगमध्ये घेतली जातील आणि शंकरपाळे खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत.

रविवारी साडेसहाला धक्क्यावर या. नेहमीचा माणूस बरा झालाय, पण मागे बघायला मला तुम्हीच हव्यात. येताना काकांची टोपी आणा, ऊन फार असतं.

तुमची,
सांगलीची विहीरवाली