मेलेल्या भुंग्यांचा संसार

प्रिय सुध्या,

जुने मूकपट बघायचे तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर मेलेल्या भुंग्यांपासून कर. 'कॅमेरामनचा सूड', १९१२ सालचा, जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा. व्लादिस्लाव स्टारेविच नावाच्या पोलिश वंशाच्या माणसानं तो मॉस्कोत केला. त्याआधी हा गडी लिथुआनियात कौनासच्या संग्रहालयासाठी भुंग्यांची झुंज टिपायला बसला होता, पण दिव्यांच्या झोतात भुंगे हलेचनात. मग त्यानं मेलेल्या किड्यांचे पाय काढले, तारेचे पाय मेणानं चिकटवले आणि एकेक चित्र घेत त्यांना लढवलं. हे किडे शिकवून तयार केलेत, असंही तेव्हा काहींना वाटलं होतं!

गोष्ट अगदी चावट. भुंगेराव घरी बायको ठेवून चतुर (ड्रॅगनफ्लाय) जातीच्या नर्तकीच्या मागे. तिच्यावर डोळा असलेला नाकतोडा निघतो कॅमेरामन. तो सायकलवरून पाठलाग करतो आणि हॉटेलातल्या खोलीच्या किल्लीच्या भोकातून सगळं टिपतो. इकडे बाईंचंही एका चित्रकाराशी जुळलेलं. नवरा घरी येतो, थयथयाट करतो, मग मोठ्या मनानं बायकोला माफ करून सिनेमाला नेतो. पडद्यावर काय लागलं असेल, ते तूच बघ.

मला तारेच्या करामतीपेक्षा हा ढोंगीपणा जास्त आवडला. किड्याच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. सगळा अभिनय पायांत आणि मिशांत. तरी नवऱ्याचा तोरा कळतो. आणि चोरून केलेलं चित्रण घर मोडू शकतं, हे या माणसानं सिनेमा नुकता कुठे बाळसं धरत असताना ओळखलं. आजच्या मोबाइलवाल्यांना तर हे सांगायलाच नको.

आपले फाळकेही त्याच साली मुंबईत एकेक चित्र घेत वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नाही, पण चिकाटी एकाच जातीची.

रशियन क्रांतीनंतर स्टारेविच फ्रान्सला गेला. पॅरिसजवळ घरातच स्टुडिओ, मदतीला मुलगी, आणि १९६५ साली मरेपर्यंत बाहुल्यांचेच चित्रपट. पुढची कामं जास्त देखणी आहेत, तांत्रिकदृष्ट्या सरसही. पण इतका खट्याळपणा मला त्यांत सापडला नाही. तुझं मत वेगळं पडेल, तर भांडायला ये.

शेवटी नवरा-बायको दोघंही तुरुंगात जातात. बघून झाल्यावर कळव, तुला त्यांतल्या कुणाची कीव आली. मला बाईंची.

तुझा,
विन्या