चोवीस कुप्यांची नोंद कुठेच नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कोविडनंतर होणाऱ्या जीबीएस या नसांच्या आजाराची नोंद व उपचार यांबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी पोस्टमनने एक सरकारी लिफाफा आणून दिला. उपचारखर्चाच्या मदतीसाठी मी २०२१ च्या दिवाळीनंतर एका कार्यालयात अर्ज केला होता, त्याचे हे उत्तर. अर्ज देताना तिथल्या एका जबाबदार अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून सांगितले होते की कोविडनंतरच्या गुंतागुंतीही विचारात घेतल्या जातील, महिनाभरात कळवू. उत्तर आले ते तीन ओळींचे. आपला आजार कोविड-१९ शी संबंधित असल्याचे सिद्ध होत नाही, सबब मागणी अनुज्ञेय नाही. त्या कार्यालयाचे नाव मी इथे घेत नाही, कारण माझे भांडण त्या एका टेबलाशी नाही. ‘सिद्ध होत नाही’ हे तीन शब्द ज्या व्यवस्थेतून आले, तिच्याशी आहे, आणि त्या व्यवस्थेचे प्रमुख आपण आहात.

मी सांगली जिल्ह्यातील एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवते. ११ एप्रिल २०२१ रोजी माझा कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह आला. ताप, खोकला, चव गेलेली, एवढेच. घरीच बरी झाले. २६ तारखेला सकाळी अंगणात गेले आणि परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, एका पायात चप्पल नाही तुझ्या.” चप्पल तुळशीपाशी पडली होती. ती पायातून निघाली हे मला कळलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला तांब्या उचलेना. तिसऱ्या दिवशी मी उठू शकले नाही, आणि यजमानांनी व दिरांनी मला चादरीत घालून गाडीत ठेवले.

तो काळ आपल्या स्मरणात असेलच. पहिल्या दोन रुग्णालयांनी दारातूनच परत पाठवले. तिसऱ्या ठिकाणी दाखल करून घेतले. मणक्यातले पाणी काढून तपासले, नसांची तपासणी झाली आणि निदान झाले: गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. तिथले तरुण डॉक्टर दर दोन तासांनी येऊन मला एका श्वासात आकडे म्हणायला लावत. छातीचे स्नायू किती उरले आहेत हे त्यावरून कळते, असे त्यांनी नंतर सांगितले. दुपारी मी चौतीसपर्यंत गेले. रात्री एकोणीस. पहाटे अकरावर श्वास संपला, आणि बारा हा आकडा तोंडात आला पण बाहेर पडेना. बावीस वर्षे वर्गात पाढे आणि कविता म्हणून घेणाऱ्या बाईला बारा म्हणता येत नव्हते. त्यानंतर सतरा दिवस मी व्हेंटिलेटरवर होते. संपूर्ण शुद्धीत होते, महोदय. या आजारात मेंदू जागा असतो. नाकावर बसलेली माशी दिसते, ती हाकलायला बोट उठत नाही, आणि हाकला असे सांगायला आवाज नसतो.

या आजारावर दोनच उपचार आहेत आणि दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत: रक्तातील प्लाझ्मा बदलणे किंवा इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची, इंजेक्शने. स्टिरॉइडचा इथे उपयोग होत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. माझे वजन साठ किलो. म्हणजे १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. आम्हाला प्रत्येक कुपी साडेचौदा हजारांना पडली. हिशेब करावा: ३,४८,००० रुपये, फक्त औषधाचे, आणि तेही आधी रोख.

इथे मला एका शासकीय कागदाची आठवण करून द्यायची आहे. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने आपल्याच शासनाने खासगी रुग्णालयांचे दर बांधले. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभाग, दिवसाला कमाल ९,००० रुपये. चांगला निर्णय होता आणि त्याने अनेकांना वाचवले, आम्हालाही. पण त्याच अधिसूचनेत महागड्या औषधांना त्या दरातून वगळून ती छापील किमतीने आकारण्याची मुभा होती, आणि त्यात इम्युनोग्लोब्युलिनचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे सतरा दिवसांच्या खाटेवर शासनाचे छत्र होते, आणि ज्या औषधाने मी जगले त्यावर नव्हते. माझे मंगळसूत्र आणि सासूबाईंच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. पाटल्या अजून आलेल्या नाहीत.

आता ‘सिद्ध होत नाही’ या शब्दांकडे येते. माझी बोटे अजून खडू नीट धरत नाहीत, पण वाचायला मला चार वर्षे मिळाली, आणि मी वाचले.

हा आजार बहुधा एखाद्या संसर्गानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येतो. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता आपल्याच नसांवर, नसांच्या आवरणावर उलटते. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या बाबतीत हे कसे घडते ते चांगले माहीत झाले आहे: त्याच्या बाह्य आवरणातील काही रेणू आपल्या नसांवरील रेणूंसारखे दिसतात आणि शरीर फसते. करोनाच्या बाबतीत इतका स्वच्छ धागा हाती आलेला नाही. रुग्णांच्या मणक्याच्या पाण्यात विषाणू सहसा सापडत नाही आणि सर्वांत समान अशी एखादी प्रतिपिंडेही आढळलेली नाहीत. हे मी लपवत नाही. पण २०२० च्या वसंतातच चीनमधून पहिला रुग्ण नोंदला गेला, पाठोपाठ उत्तर इटलीतील तीन रुग्णालयांतून पाच रुग्ण. लोम्बार्डी आणि व्हेनेटो या प्रांतांत त्या मार्च-एप्रिलमध्ये जीबीएसचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या अडीच पटींहून अधिक झाले. याउलट ब्रिटनमध्ये टाळेबंदीच्या महिन्यांत हा आजार घटला, आणि तिथल्या संशोधकांनी संबंध दिसत नाही असे म्हटले. मग इस्रायलमधून २०२३ मध्ये मोठा अभ्यास आला. बत्तीस लाख लोकांच्या नोंदींतून जीबीएसचे ७६ रुग्ण निघाले, आणि नुकताच करोना होऊन गेलेल्यांना हा आजार होण्याची शक्यता सुमारे सहा पट दिसली. आपल्या महाराष्ट्रातील मेंदूविकारतज्ज्ञांनीही कोविडसोबत जीबीएस झालेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास स्वतःच्या पुढाकाराने प्रसिद्ध केला. त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे.

तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य. पण ब्रिटन आपले मत कशाच्या आधारावर मांडू शकले, ते पाहा. तिथे इम्युनोग्लोब्युलिन कोणत्या रुग्णाला कशासाठी दिले याची राष्ट्रीय नोंदवही आहे. ती उघडली आणि आकडा मिळाला. ‘संबंध नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी मोजून मिळवला. आपल्याकडे मला ‘सिद्ध होत नाही’ असे लिहून पाठवणाऱ्या कार्यालयाने काय मोजले? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात किती प्रौढ माणसे अशी लुळी पडली, हा आकडा आपल्याकडे आहे का? असेल तर तो जाहीर करावा, मी माझा अर्ज आनंदाने मागे घेईन. आणि नसेल, तर जे कुणी मोजलेच नाही ते एका शिक्षिकेने चादरीत पडून सिद्ध करावे, ही अपेक्षा क्रूर आहे. मी शब्द तोलून वापरते. क्रूर आहे.

मोजता येत नाही असे तर मुळीच नाही. पंधरा वर्षांखालील एखाद्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला, तर अगदी लहान गावातूनही ती बातमी वर जाते, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घेतले जातात आणि साठ दिवसांनी पुन्हा घरी येऊन मूल पाहिले जाते. पोलिओसाठी उभी केलेली ही यंत्रणा जगाने वाखाणली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही, तो याच कष्टांमुळे. त्या पाहणीत जीबीएस झालेली मुले आपोआप मोजली जातात. पंधरावा वाढदिवस झाला की तोच आजार, तोच लुळेपणा, कुणाच्या कागदावर येत नाही. लसीनंतर काही झाले तर त्यासाठी वेगळी नोंद आहे. म्युकरमायकोसिस आला तेव्हा २०२१ च्या मे महिन्यातच तो सूचित आजार, म्हणजे ज्याची नोंद सक्तीची असते असा, ठरला. त्याच महिन्यात, त्याच विषाणूनंतर, मी आणि माझ्यासारखे किती तरी जण व्हेंटिलेटरवर होते, आणि आमच्यासाठी रकानाच नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचा उद्रेक झाला. टीव्हीवर ते नाव ऐकले आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले. तेव्हा पथके घरोघर फिरली, विहिरींचे पाणी तपासले, शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, मोफत उपचारांची घोषणा झाली. म्हणजे ठरवले की हे सगळे होते, तेही काही आठवड्यांत. ते पाहून मला समाधान वाटले आणि त्या रात्री मी खूप रडले. रुग्ण एका रस्त्याच्या आजूबाजूला एकदम पडले, तर शासनाला दिसतात. तेच शंभर गावांत एकेक करून पडले, तर ते प्रत्येकाचे नशीब ठरते.

न मोजण्याचा अजून एक परिणाम सांगते, कारण तो मी भोगला. बरी होऊ लागल्यावर कोविडची लस घ्यावी की नाही, हा प्रश्न आला. केरळमधील तीन जिल्ह्यांत कोविशील्डच्या पहिल्या मात्रेनंतर दोन आठवड्यांच्या आत जीबीएस झालेल्या सात जणांची माहिती २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली होती, त्यांतल्या सहा जणांना व्हेंटिलेटर लागला होता. युरोपच्या औषध नियामकानेही त्याच वर्षी या लसीच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांत जीबीएसचा समावेश केला. दुसऱ्या बाजूला आजाराचाच धोका मी अंगावर घेतलेला. मी लसीच्या विरोधात नाही, कृपया कुणी माझे पत्र त्या कामी वापरू नये. इस्रायलच्या त्याच अभ्यासात फायझरसारख्या एमआरएनए लसी घेतलेल्यांत जीबीएस कमी आढळला, पण ती लस आमच्या तालुक्यात नव्हती. मी चार ठिकाणी विचारले. चौघांनी तोंडी चार उत्तरे दिली, लेखी कुणीच दिले नाही. शेवटी ज्या डॉक्टरांनी मला आकडे मोजायला लावले होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, आपल्याकडचे आकडेच नाहीत. मी कशाच्या जोरावर सांगू?” मी सहा महिने घराबाहेर पडले नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. या आजारातून बहुतेक जण उठतात, पण पाचातला एक सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालू शकत नाही. मी त्या पाचव्यांपैकी. आजही डाव्या पायात प्लास्टिकचा स्प्लिंट घातल्याशिवाय पाऊल फरपटते. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा चाळीस किलोमीटर जावे लागे, पैसे संपले तेव्हा ती थांबली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेले तर “हा आजार बरा होणारा आहे, वर्षाने या” म्हणून परत पाठवले, आणि वर्षाने गेले तर “आता बऱ्या दिसता” असे सांगितले. कायद्यात तात्पुरत्या प्रमाणपत्राची सोय आहे. मला ती कुणी सांगितली नाही.

मला आपल्याकडून दया नको आहे. राज्यात कोणत्याही वयाच्या माणसाला जीबीएस झाला, तर त्याची नोंद सक्तीची करावी आणि त्या नोंदीत आधीच्या सहा आठवड्यांतला ताप, जुलाब, करोना, डेंग्यू आणि घेतलेली लस यांचे रकाने असावेत. पोलिओची यंत्रणा हाताशी आहेच, तिची वयाची अट तेवढी या आजारापुरती काढावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिनचा पूर्ण कोर्स मिळावा, दोन-चार कुप्या देऊन बाकीच्या बाहेरून आणायला सांगू नये, कारण हे औषध पहिल्या दोन आठवड्यांत दिले तरच त्याचा खरा उपयोग होतो आणि तेवढ्या वेळात गरिबाचे कर्जसुद्धा मंजूर होत नाही. आणि ज्यांना २०२० ते २०२२ या काळात कोविडनंतर हा आजार झाला, त्यांचे फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडावेत. ‘सिद्ध होत नाही’ हे कारण त्यांच्यापुढे ठेवू नये.

माझ्या यजमानांना कागदपत्रे जपण्याची सवय आहे. त्या चोवीस कुप्यांची रिकामी खोकी त्यांनी फेकली नाहीत. माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात ती आहेत, प्रत्येकावर बॅच नंबर, मुदत आणि कुपी दिली ती तारीख व वेळ पेनाने लिहिलेली आहे. हे पत्र लिहिण्याआधी ती खाली काढून मी पुन्हा मोजली. नोंद करून घ्यायला कुणाला पाठवणार असाल, तर शाळा सुटल्यावर, पाचनंतर मी घरी असते.

आपली,
जीबीएस होऊन गेलेली एक शिक्षिका,
जि. सांगली