हरकतीच्या महिन्याआधी पुरावा हवा: पौड रस्त्यावरच्या मोजणीसाठी आवाहन

पौड रस्ता परिसरातील सर्व रहिवाशांना नमस्कार.

वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो 6 मार्च 2022 रोजी सुरू झाली. स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात आता 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो. नेमका किती, ते रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरते. मेट्रोजवळ घरे वाढायला आमच्या रहिवासी समितीचा विरोध नाही. शहरात घरे वाढायचीच असतील तर ती इथे वाढलेली बरी. मात्र टॉवर उभा राहिला म्हणून पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, फेऱ्या आणि पदपथ आपसूक वाढत नाहीत. ते मागावे लागतात आणि मागताना हातात आकडे लागतात.

विकास आराखड्यात फेरबदल करायचा, समजा एखाद्या भूखंडावरचे आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणे) बदलायचे, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली जाहीर सूचना निघते. हरकतीला एक महिना मिळतो. त्या धावपळीत सह्या गोळा होतात, पुरावा राहून जातो. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती दिल्या तर सगळ्यांना मिळून एकच उत्तर येते. सर्व्हे क्रमांक नसलेली, भलत्याच अधिकाऱ्याच्या नावाने दिलेली किंवा आवक क्रमांक न घेतलेली हरकत तर दिल्यात जमा नसते. ‘मला सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्यही बरेच जण विसरतात. मार्च 2022 मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. प्रभागातून प्रश्न विचारणारे कोणी नसेल तेव्हा कागदच बोलतो, हे त्या काळात सगळ्यांनी पाहिले.

म्हणून सूचना निघण्याची वाट न पाहता वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप या चार स्थानकांभोवतीची मोजणी आताच करून ठेवायची आहे.

बसथांब्याची मोजणी अशी: एका थांब्यावर दोघे जण, सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8. वार मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. सुट्टीचा किंवा शाळा बंद असलेला दिवस नको. एकाने प्रत्येक बसचा मार्ग क्रमांक आणि मिनिटापर्यंत वेळ लिहायची. दुसऱ्याने बस थांबली की न थांबता गेली, आत उभे राहायला जागा होती का, आणि वाट पाहून किती जण रिक्षाने गेले हे टिपायचे. तासाला सहा बस आल्या एवढेच लिहून उपयोग नाही. चार बस पाठोपाठ येऊन पुढची चाळीस मिनिटे थांबा कोरडा राहिला तरी सरासरी दहा मिनिटांचीच निघते, आणि तीच सरासरी आपल्या तोंडावर मारली जाते. दोन बसमधले अंतर हाच आपला खरा आकडा. पीएमपीच्या संचलन तुटीचा 60 टक्के भार पुणे महापालिका उचलते, तेव्हा हा हिशेब करदाता म्हणूनही आपलाच आहे.

पदपथासाठी 30 मीटरची टेप घ्या. दर 20 मीटरवर आणि जिथे सर्वांत अरुंद वाटेल तिथे, अडथळे वगळून चालायला उरलेली रुंदी मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ती किमान 1.8 मीटर हवी. विजेचा डीपी, झाडाचा पार, टपरी, उघडे चेंबर, जे काही आडवे येते ते नावानिशी लिहा. फोटोत टेपवरचा आकडा आणि मागची ओळखीची खूण, दोन्ही दिसले पाहिजेत. नुसता खड्ड्याचा फोटो कुठलाही असू शकतो.

कार्यालयीन बाजू वेगळी. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, 150 शब्दांत आणि एकाच विषयावर द्यावा लागतो. त्यामुळे रद्द फेऱ्यांसाठी पीएमपीकडे आणि या पट्ट्यातील बांधकाम परवानग्यांसाठी महापालिकेकडे स्वतंत्र अर्ज जातील. याच कायद्याखाली कार्यालयात जाऊन फाइलीही पाहता येतात. तिथे बसायला चिकाटीची माणसे हवीत; निवृत्त मंडळींनी हे काम अंगावर घ्यावे, ही विशेष विनंती.

एकूण 40 जण लागतील. शिवाय भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा) वाचता येणारे एक-दोन आरेखक, मराठी टंकलेखन करणारे तिघे आणि सुनावणीसाठी मसुदा तपासून देणारे एक वकील. खर्चाचा अंदाज 24,000 रुपये आहे: नकाशे आणि प्रमाणित प्रती 11,000, झेरॉक्स व छपाई 7,000, टेपा व पॅड 2,500, उरलेले स्टँप, टपाल आणि प्रवासासाठी. देणगी धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावी, पावती त्याच दिवशी मिळेल. बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय पक्ष यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही; त्यांनी आग्रह धरू नये. उरलेली रक्कम पुढच्या सुनावणीसाठी राखून ठेवू आणि हिशेब सोसायट्यांच्या फलकांवर लावू.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता आनंदनगर स्थानकाखाली मोजणीचा सराव आहे. तासाभरात आटोपेल. येताना पेन, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला फोन आणा. तक्ते आम्ही देऊ. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी आपल्या सोसायटीचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि समोरच्या रस्त्याची रुंदी लिहून समितीकडे पोहोचवली, तरी आमची एक फेरी वाचेल.