सूचना : जुना ट्रॅक्टर घेणार असाल तर आधी हे वाचा

मंडळी, ऊस हंगाम संपला की आपल्या कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागात जुने ट्रॅक्टर विकायला निघतात, घाई करू नका. ट्रॉल्या ओढलेल्याचा क्लच, गिअरबॉक्स आधी बघा आणि नव्या रंगाला भुलू नका, हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या लोखंडी कवचाच्या) जोडावरच ताजा रंग दिसला तर चिंधीनं पुसून टॉर्च मारून बघा. मी गेल्या वर्षी असाच फसलो, रंगाखाली केसाएवढी चीर होती, रोप लावणीला चिखलात घातला आणि तेल गळायला लागलं.

बघायला सकाळी जा, मालकाला सांगा आधी चालू करून ठेवू नका, इंजिनला हात लावून गार आहे का बघा मगच सेल्फ मारा. डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर) तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सरळ परत या. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल तर रिंगा-लायनरचं, म्हणजे इंजिन खोलायचं काम आलंच.

एमएच ०९ पासिंग (कोल्हापूरची नोंदणी) असेल तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, चासी नंबर स्वतः आरसीशी जुळवा. शंका असेल तर ग्रुपवर फोटो टाका, व्यवहार व्हायच्या आधी.